आयत्या सामर्थ्याची मौज : एक प्रतिवाद

व्हिडिओ गेमच्या रसिकांत अलीकडे एक मत मोठ्या आत्मविश्वासाने मांडले जाऊ लागले आहे. आणि ते मांडणारी मंडळी विचारी, बहुश्रुत व या खेळांवर मनापासून प्रेम करणारी असल्यामुळे त्याची उपेक्षा करून भागण्यासारखे नाही. ते मत असे की, खेळातील खरी मौज आव्हानात नाही, ती बलाढ्यपणात आहे. ज्याला आजची मुले 'ओपी' म्हणतात, म्हणजे ज्याच्या एका फटक्यासरशी शत्रूंची फौजच्या फौज आडवी होते आणि ज्याच्या केसालाही धक्का लागत नाही, असा नायक होऊन त्या काल्पनिक प्रदेशात निर्वेध संचार करण्यात जे सुख आहे, ते बॉस म्हणवणाऱ्या एकाच महाशत्रूपुढे पुनःपुन्हा मरून अखेर निसटता विजय पदरात पाडून घेण्यात नाही. आणि ज्यांना त्या दुसऱ्या प्रकारात सुख वाटते ते एक तर स्वतःची फसवणूक करीत आहेत, नाही तर चारचौघांत मिरवत आहेत. हा निव्वळ रुचिभेदाचा प्रश्न असता तर ज्याची त्याची आवड म्हणून तो सोडून देता आला असता. परंतु या मताच्या आश्रयाने एक मोठा व्यापार उभा राहिला आहे आणि त्याची झळ कोवळ्या वयाच्या खेळाडूंना लागत आहे, म्हणून त्याचा साद्यंत प्रतिवाद करणे मला अगत्याचे वाटते.

प्रतिपक्षाची कैफियत दुबळी करून मांडण्यात पुरुषार्थ नाही, म्हणून ती जितकी सबळ करता येईल तितकी करून येथे देतो. त्यांचे म्हणणे चार कलमांत सांगता येते. पहिले, दिवसभर कचेरीत, कारखान्यात वा अभ्यासात पिचलेल्या माणसाला संध्याकाळी पुन्हा एक परीक्षा नको असते. त्याला विसावा हवा असतो. दुसरे, प्रत्यक्ष जीवनात ज्याला ठायी ठायी नमते घ्यावे लागते, त्याला निदान कल्पनेत तरी पराक्रमी होऊ द्यावे, कारण हेच तर खेळाचे वचन आहे. तिसरे, लोकांची कृतीच पुरावा आहे : चीट कोड, म्हणजे आयते सामर्थ्य देणारे गुप्त संकेत, निघाले की लोकांनी ते उत्साहाने वापरले, आणि ज्या खेळांत शत्रू हजारांनी मरतात ते खेळ अमाप खपले. चौथे, आणि हे सर्वांत गंभीर, आव्हानाचा आग्रह हा चपळ बोटांच्या व रिकाम्या वेळाच्या लोकांचा अहंकार असून त्यापायी मुले, वृद्ध, अपंग आणि कामकरी माणसे खेळाबाहेर राहतात.

यांतले एकही कलम पोकळ नाही, आणि सामर्थ्य सुखद असते हेही निर्विवाद आहे. वादाचा मुद्दा एवढाच की, त्या सुखाचा उगम कोठे आहे. सामर्थ्याचा आनंद स्वयंभू नाही. तो प्रतिकाराच्या पोटी जन्मतो, प्रतिकाराच्या स्मरणावर पोसला जातो आणि प्रतिकार पुरता नाहीसा झाला की अल्पावधीत विझतो, असे माझे प्रतिपादन आहे. कॅनडात अध्यापन करणारे तत्त्वज्ञ बर्नार्ड सूट्स यांनी 1978 साली प्रसिद्ध केलेल्या 'द ग्रासहॉपर' या ग्रंथात खेळाचे जे लक्षण बांधले, त्याचा आशय असा की, ज्या अडथळ्यांची मुळात गरज नव्हती ते आपखुशीने पत्करून त्यांतून वाट काढण्याच्या खटपटीला खेळ म्हणावे. हे लक्षण मान्य केले तर अडथळा ही खेळाला बाहेरून चिकटलेली व्याधी ठरत नाही. तो त्याचा कणाच ठरतो. पण व्याख्येच्या बळावर वाद जिंकणे मला नको आहे. प्रत्यक्ष खेळांचीच साक्ष काढू.

पहिली साक्ष 'पॅक-मॅन'ची. नामको कंपनीसाठी तोरू इवातानी यांनी रचलेला हा खेळ 1980 साली जपानात आला. पिवळ्या वर्तुळासारखा एक खादाड जीव चक्रव्यूहातले ठिपके वेचीत फिरतो आणि चार भुते त्याचा पाठलाग करतात, एवढेच त्याचे कथानक. चक्रव्यूहाच्या चार कोपऱ्यांकडे चार मोठ्या गोळ्या ठेवलेल्या असतात. त्यांतली एक गिळली की भुते निळी पडून पळू लागतात, आणि आतापर्यंत ज्यांच्या सावलीला भ्यायचे त्यांनाच आपण खाऊ शकतो : पहिल्याचे दोनशे गुण, दुसऱ्याचे चारशे, तिसऱ्याचे आठशे, चौथ्याचे सोळाशे. बलाढ्यपणाची मौज याहून शुद्ध स्वरूपात क्वचितच कोणी दिली असेल. परंतु तिची मुदत पाहा. पहिल्या पटावर ती सुमारे सहा सेकंदांची असते. पुढे कमीजास्त होत ती आक्रसत जाते, आणि एकोणिसाव्या पटापासून गोळी गिळली तरी भुते निळी होतच नाहीत. त्याहून मननीय गोष्ट ही की, जाणता खेळाडू गोळी दिसताच गिळत नाही. तो तिच्याजवळ घोटाळतो, चारी भुतांना आपल्या अगदी निकट येऊ देतो आणि ती आता झडप घालणार अशा क्षणी गोळी तोंडात टाकतो, कारण चौघेही एका टप्प्यात सापडले तरच सोळाशेपर्यंतची कमाई पुरी होते. म्हणजे संकट जितके जवळ, तितकी सामर्थ्याची किंमत अधिक, असा हिशेब त्या यंत्रातच घालून ठेवलेला आहे. या गोळीची कल्पना आपल्याला कार्टूनमधल्या पोपायच्या पालकावरून सुचली असे इवातानींनी सांगितले आहे. आणि पोपाय पालकाचा डबा फोडतो तो पुरता मार खाल्ल्यावरच. आता ती मुदत काढून टाकावी, गोळीचा अंमल कायमचा करून द्यावा, असे कोणी सुचवले तर काय शिल्लक उरेल? भुते सदैव पळत राहतील, खेळाडू ठिपके वेचीत राहील, आणि जगाला वेड लावणारा तो चक्रव्यूह झाडलोटीचे काम होऊन बसेल.

दुसरी साक्ष खुद्द चीट कोडांची, कारण प्रतिपक्षाची सर्वांत मोठी भिस्त त्यांच्यावर आहे. त्यांतल्या सर्वांत प्रसिद्ध कोडाचा जन्म कसा झाला हे ध्यानात घेण्यासारखे आहे. कोनामी कंपनीचे काझुहिसा हाशिमोतो हे 'ग्रेडियस' हा खेळ घरगुती यंत्रावर उतरवीत होते; तपासणीसाठी तो स्वतः खेळून पाहणे त्यांना फार जड जाऊ लागले, म्हणून बटणे एका विवक्षित क्रमाने दाबली असता सर्व अस्त्रे एकदम हाती यावीत अशी सोय त्यांनी करून घेतली, आणि 1986 साली खेळ बाजारात आला तेव्हा ती आतच राहून गेली. पुढे तोच क्रम 'कॉन्ट्रा'त तिनाऐवजी तीस प्राण मिळवून देणारा म्हणून घरोघर पोचला. अजिंक्यतेचा हा राजमार्ग मुळात कामगाराने काम उरकण्यासाठी पाडलेली वाट होती. आणि 'कॉन्ट्रा' ज्यांनी टीव्हीला जोडायच्या स्वस्त यंत्रांवर खेळला त्यांना हेही ठाऊक आहे की, तीस प्राण घेऊनही माणूस अजिंक्य होत नसे. एका गोळीत प्राण जाण्याचा नियम तसाच राही. त्या कोडाने अडथळा नष्ट केला नाही, नवशिक्याला तो पेलेल इतका खाली आणला. त्याची लोकप्रियता माझ्या पक्षाचा पुरावा आहे.

याहून जवळचे उदाहरण हवे असेल तर सन 2002 ते 2010 च्या दरम्यान महाराष्ट्रातल्या लहानमोठ्या शहरांत तासावर पैसे घेऊन चालणाऱ्या सायबर कॅफेंत जे घडत असे ते आठवावे. 'जीटीए : व्हाइस सिटी' आणि तिच्यामागून आलेली 'सॅन आंद्रेआस' या दोन खेळांचे तेथे राज्य होते. वहीच्या पाठकोऱ्या कागदावर उतरवून घेतलेल्या कोडांच्या यादीला मुलांत सनदेचे मोल असे. 'पँझर' ही अक्षरे टंकली की रस्त्यावर रणगाडा उभा राही. 'हेसोयाम' टंकले की प्रकृती ठणठणीत, अंगात चिलखत आणि खिशात अडीच लाख डॉलर. पोरे त्या रणगाड्यात बसत, मोटारी चिरडीत, पोलिसांचा ससेमिरा दाखवणारे तारे वाढवीत, आणि आसपासची पोरे खुर्चीमागे उभी राहून आरोळ्या ठोकीत. ती मौज खरी होती, हे मी नाकारीत नाही. परंतु ज्याने पहिल्या मिनिटापासून यादीच हाताशी ठेवली त्याच्या चेहऱ्यावर थोड्याच वेळात एक प्रकारची उदासीनता पसरे. मग तो निरर्थक इकडेतिकडे फिरे, पाण्यात उडी मारून पाही, आणि भरलेला तास संपण्यापूर्वीच दुसरा खेळ लावी.

उलट, त्या पिढीच्या कोणाही माणसाला 'व्हाइस सिटी'तले काय आठवते म्हणून विचारावे. रणगाडा आठवेल, पण त्याच्याही आधी आठवेल ते खेळण्यातले हेलिकॉप्टर. टॉप फन असे नाव रंगवलेल्या व्हॅनमध्ये बसून दूरनियंत्रणाने ते चालवायचे, चार बॉम्ब एकेक करून उचलायचे आणि अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या निरनिराळ्या मजल्यांवर नेऊन ठेवायचे, वरून घड्याळाचा तगादा, आत तुळयांच्या अडचणी आणि हेलिकॉप्टर पाडायला टपलेले पहारेकरी. येथे रणगाडा निरुपयोगी, चिलखत निरुपयोगी, खजिना निरुपयोगी. कागदावरची सारी सनद रद्द, आणि बोटांना जे येईल तेवढेच आपले. त्या हेलिकॉप्टरला शिव्या देणारी हजारो माणसे आज चाळिशीकडे झुकली आहेत. तरी ती मोहीम ज्या दिवशी पार पडली त्या दिवसाची गोष्ट ती ज्या तेजाने सांगतात, त्या तेजाने रणगाड्याची गोष्ट कोणी सांगत नाही. अजिंक्यतेचे सुख जर श्रेष्ठ असते तर स्मृतीने त्याला पहिले आसन दिले असते.

आता विसाव्याचे कलम घेऊ. थकलेल्या माणसाला परीक्षा नको असते हे खरे. पण म्हणून त्याला अजिंक्यपद हवे असते हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. नोकियाच्या 6110 या फोनवर 1997 साली तानेली आर्मांतो यांनी लिहिलेला 'स्नेक' आला, आणि पुढे कितीतरी वर्षे कल्याण-कर्जतच्या लोकलमध्ये दांडीला लोंबकळत घरी परतणारी माणसे अंगठ्याने तो साप वळवीत असत. त्या खेळात सामर्थ्य म्हणजे काय? साप खातो आणि वाढतो. पण जितका वाढतो तितकी त्याची स्वतःचीच शेपटी त्याच्या वाटेत भिंत होऊन उभी राहते. तेथे उत्कर्ष आणि अडचण या दोन वस्तूच नाहीत, एकच आहे. तीच कथा 'टेट्रिस'ची. मॉस्कोत अलेक्सेई पाजितनोव्ह यांनी 1980 च्या दशकाच्या मध्यास निर्मिलेला आणि आपल्याकडे हातात मावणाऱ्या स्वस्त 'ब्रिक गेम'च्या रूपाने घरोघर शिरलेला तो खेळ बहुतेकांच्या हातून नेहमी पराभवातच संपतो. विटा वेगाने येत राहतात आणि कधी तरी ढीग माथ्याला टेकतो. तरी कामाने शिणलेले लोक पुन्हा पुन्हा त्याच्याकडेच वळतात. थकव्यावर उतारा म्हणजे चित्त पूर्णपणे एका ठिकाणी गुंतणे. आणि चित्त तेथेच गुंतते जेथे आपल्या प्रत्येक हालचालीचा काही परिणाम होण्याची शक्यता असते. काहीही केले तरी जिंकणारच, असे जेथे आधीच ठरलेले आहे, तेथे डोळे पडद्यावर राहतात आणि मन पुन्हा कचेरीतल्या कटकटींकडे परतते. ज्याला हलका खेळ हवा त्याला हलका खेळ अवश्य मिळावा. हलकेपणा आणि प्रतिकारशून्यता यांची गल्लत मात्र होऊ नये.

पराक्रमाच्या स्वप्नाचे दुसरे कलम सर्वांत मोहक आहे, आणि म्हणूनच त्याचा समाचार सावकाश घेतला पाहिजे. माणसाला कल्पनेत तरी समर्थ होऊ द्यावे, ही मागणी मला मान्य आहे. मात्र ज्या खेळांनी ती सर्वोत्तम रीतीने पुरवली, त्यांनी ती कशी पुरवली याचा तपास करावा. व्हॉल्व्ह कंपनीच्या 2004 सालच्या 'हाफ-लाइफ 2'मध्ये गॉर्डन फ्रीमन नावाचा पदार्थवैज्ञानिक परकीय सत्तेच्या अमलाखाली पिचलेल्या शहरातून वाट काढीत असतो. मध्यंतरी त्याला एक यंत्र मिळते. ते वस्तू उचलून फेकते, पण जिवंत शत्रू उचलण्याची त्याची ताकद नसते. खेळाडू त्या मर्यादेसह तासन् तास जगतो : लाकडी खोके, करवतीची पाती, लोखंडी पिंपे, हाती लागेल ते फेकून जीव वाचवतो. अगदी अखेरीस तो शत्रूच्या गगनचुंबी बालेकिल्ल्यात शिरतो तेव्हा त्याची सर्व शस्त्रे जप्त होऊन नष्ट होतात, आणि त्याच जप्तीच्या झोतात ते एक यंत्र मात्र निळ्या तेजाने उजळून निघते. आता सैनिक मुठीतल्या खड्यासारखे उचलावे आणि भिंतीवर भिरकावावे. हा प्रसंग खेळाडू विसरत नाहीत, आणि माझ्या मते त्याचे कारण त्या सामर्थ्याच्या प्रमाणात नाही; जे उचलता येत नव्हते ते आता उचलता येते, या एका वाक्यात आहे. त्या वाक्याचा पूर्वार्ध खेळाडूने स्वतः भोगलेला असतो. खेळाच्या पहिल्याच दाराशी ते निळे यंत्र त्याच्या हाती ठेवले असते, तर उत्तरार्धाला अर्थ उरला नसता.

फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी संस्थेच्या 2022 सालच्या 'एल्डन रिंग'मध्ये हेच तत्त्व अधिक उघडपणे मांडले आहे. आरंभीच्या गुहेतून बाहेर पडून खेळाडू मोकळ्या माळावर येतो, आणि समोरच सुवर्णकवच ल्यालेला एक घोडेस्वार फेऱ्या घालीत असतो. त्याला ट्री सेंटिनेल म्हणतात. नवखा खेळाडू त्याच्यावर चालून जातो आणि एक-दोन घावांत लोळतो. खेळ त्याला कोणतीही सक्ती करीत नाही : वळसा घालून जा, दुसरीकडे हिंड, बळ वाढव, घोडा मिळव, आत्म्यांची मदत घे. काही दिवसांनी तोच खेळाडू परत येतो आणि त्या स्वाराला पाणी पाजतो. प्रतिपक्ष म्हणेल, पाहा, बलाढ्य होऊन परतण्यातच मौज होती ना? होती, निःसंशय होती. पण तो स्वार त्या मौजेचा साक्षीदार आहे. पूर्वी ज्याने आपल्याला लोळवले तोच समोर नसता, तर वाढलेले बळ पडद्यावरचा एक आकडा होऊन राहिले असते. वर्षभरात या खेळाच्या दोन कोटी प्रती गेल्याचे प्रकाशकांनी जाहीर केले, तेव्हा आव्हान म्हणजे मूठभर लोकांचे व्यसन, हा आक्षेप निदान संख्येच्या दरबारात टिकणारा नाही. आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने 2020 साली जगापुढे ठेवलेली 'राजी' घ्या : प्रत्यक्ष दुर्गेचे शस्त्र हाती असलेली ती डोंबाऱ्याचे खेळ करणारी मुलगी भावाला सोडवायला निघते, तरी चुकीच्या उडीने कड्यावरून पडतेच. देवतेचा प्रसाद तिला लढण्याचा अधिकार देतो; लढाई तिच्या वतीने लढत नाही.

तिसऱ्या कलमातला खपाचा पुरावा उरला. त्यासाठी प्रतिपक्ष बहुधा लुका गलांते यांच्या 'व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स'कडे बोट दाखवतो, आणि उदाहरण चांगले आहे. 2023 साली बाफ्टा या ब्रिटिश संस्थेने सर्वोत्कृष्ट खेळाचा मान त्याला दिला. त्यात शस्त्रे आपोआप चालतात, खेळाडूने फक्त हिंडायचे असते, आणि शेवटी शेवटी पडदा शस्त्रांच्या उजेडाने असा भरून जातो की शत्रू दिसेनासे होतात. पण सुरुवातीला त्याच खेळाडूजवळ एक क्षुल्लक शस्त्र असते आणि वटवाघळांचा एक थवाही त्याला भारी पडतो. कोणती दोन साधने जुळवली असता तिसरे प्रचंड साधन सिद्ध होते, हे त्याला वारंवार मरून शिकावे लागते. आणि इतके करून साधारणतः तिसाव्या मिनिटाला साक्षात मृत्यू अवतरतो आणि त्या सगळ्या ऐश्वर्याची कारकीर्द संपवतो. येथे बलाढ्यपणा हे कोड्याचे उत्तर आहे. उत्तर सुंदर आहे म्हणून कोडे काढून टाका, असा सल्ला कोणी शहाणा देणार नाही.

खरा निवाडा करणारा प्रयोग मात्र दुसरीकडेच झाला. ब्लिझर्ड कंपनीने 2012 साली 'डायब्लो 3' प्रसिद्ध केला तेव्हा त्यात लिलावघर उघडले होते, आणि तेथे खेळातल्या नाण्यांनी तसेच खऱ्या पैशांनीही उत्तमोत्तम शस्त्रे विकत घेण्याची मुभा होती. ज्यांना सामर्थ्य हीच मौज वाटते त्यांच्यासाठी याहून सोयीची व्यवस्था कोणती? परंतु परिणाम उलटा झाला. राक्षस मारावे, त्यांच्याकडून काही अपूर्व वस्तू अवचित हाती लागावी आणि तिच्या बळावर आणखी मोठ्या राक्षसाला भिडावे, हे जे त्या खेळाचे चक्र होते त्याचा आसच बाजाराने काढून घेतला. जे रणांगणात मिळवायचे ते दुकानात स्वस्त मिळू लागल्यावर रणांगणात उतरण्याचे प्रयोजन उरले नाही. लिलावघरामुळे खेळाचा गाभाच ढासळतो, हे कंपनीने स्वतः मान्य केले आणि 18 मार्च 2014 रोजी ते कायमचे बंद केले. चालू उत्पन्नावर आपण होऊन पाणी सोडणाऱ्या व्यापाऱ्याची साक्ष मी कोणत्याही तत्त्वज्ञाच्या साक्षीपेक्षा कमी मोलाची मानीत नाही.

येथे माझ्या पक्षातल्या काही मंडळींनाही दोन शब्द सुनावणे प्राप्त आहे. आव्हानाच्या नावाखाली जे जे खडतर ते ते उत्तम, असा ज्यांचा ग्रह आहे, त्यांची वकिली मी करीत नाही. 2006 सालच्या 'ऑब्लिव्हियन'मध्ये खेळाडूचे बळ वाढले की साऱ्या प्रदेशातले शत्रूही त्याच मापाने बलवान होत. परिणामी, वाटसरूंकडून चार नाणी लुटणारा भुरटा दरोडेखोरही पुढे पुढे मौल्यवान काचेरी चिलखत घालून सामोरा येई. ते आव्हान होते खरे, पण निर्जीव होते, कारण वाढल्याची खूण पटवणारा दुबळा शत्रूच त्याने शिल्लक ठेवला नाही. श्रमाचे फळ हिरावून घेणारे आव्हान आणि श्रम हिरावून घेणारे सामर्थ्य ही सख्खी भावंडे आहेत. दोघेही खेळाडूची कृती आणि तिचा परिणाम यांतला संबंध तोडतात, आणि तो तुटला की खेळ संपतो.

एवढ्यासाठीच चौथ्या कलमाचा, म्हणजे अहंकाराच्या आरोपाचा, विचार मी शेवटी ठेवला. आव्हान म्हणजे कष्टांचे काही ठरावीक वजन, अशी समजूत दोन्ही पक्षांनी करून घेतली आहे. वास्तविक आव्हान हे खेळाडूचे बळ आणि अडथळ्याचे बळ यांचे गुणोत्तर आहे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1912 साली बांधून पुरे केलेल्या खासबाग मैदानासारख्या आखाड्यात कुस्त्या लावणारे जाणते लोक आधी जोड पाहतात, ती याच कारणाने : शाळकरी पोराची कुस्ती शाळकरी पोराशी लागते आणि ती नामवंत मल्लांच्या कुस्तीइतकीच जीव मुठीत धरून पाहिली जाते, पण त्या पोराला कसलेल्या मल्लापुढे लोटले, किंवा त्या मल्लाला पोराच्या अंगावर घातले, तर दोन्ही प्रसंगी मैदान सारखेच विटते. 2018 साली आलेल्या 'सेलेस्ट'ने हेच न्यायाने केले. पर्वतारोहणाचा तो अतिशय बिकट खेळ. पण त्यात 'असिस्ट मोड' अशी सोय आहे, तिच्यायोगे खेळाची गती मंद करता येते, दम अखंड ठेवता येतो, वाटल्यास मृत्यूही टाळता येतो. ज्याची बोटे आजाराने आखडली आहेत त्याने गती मंद केली, तर त्याने आव्हान बुडवले असे म्हणणारा मनुष्य मला आव्हानाचा मित्र वाटत नाही; कारण त्या मंद गतीत त्या बोटांना पडणारे कष्ट हे निरोगी बोटांच्या कष्टांहून रतीभरही कमी नाहीत. जोड जमवण्यासाठी खेळ सुलभ करणे ही आव्हानाचीच सेवा आहे. म्हणून मुलांचा, वृद्धांचा आणि अपंगांचा कैवार घेऊन बलाढ्यपणाचे समर्थन करणाऱ्यांना माझे सांगणे आहे की, या लोकांना अजिंक्यपदाचे इनाम नको आहे. त्यांना तोडीची लढत हवी आहे, आणि ती त्यांच्यापासून हिरावून आयता विजय हाती ठेवणे हा दयेच्या वेषातला अवमान आहे.

एक शंका उरते, आणि ती टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. 'माइनक्राफ्ट'च्या क्रिएटिव्ह प्रकारात मनुष्य उडू शकतो, त्याला इजा होत नाही, साहित्य अपरंपार असते. तरी लक्षावधी मुले त्यात रमतात, ते कसे? याचे उत्तर ती मुले काय करतात ते पाहिल्यावर मिळते. ती किल्ले बांधतात, शहरे वसवतात. रेडस्टोन नावाच्या घटकाच्या तारा जोडून काहींनी चालती गणकयंत्रेही उभारली आहेत. शत्रू गेला, पण प्रतिकार गेला नाही. तो आता घनाकार ठोकळ्यांच्या हट्टी भूमितीत, मनातल्या आकृतीत आणि हातून उतरणाऱ्या आकृतीत पडणाऱ्या अंतरात वसतो. ज्या मुलाला काहीच बांधावेसे वाटत नाही, ते त्या सर्वसत्ताधीश स्थितीत फार वेळ रमत नाही. म्हणजे हा अपवाद नियमाच्या विरुद्ध जात नाही. अडथळा कोठून आणायचा एवढेच त्यात बदलते.

आता या साऱ्या वादात व्यापाराचा संबंध काय, ते सांगून लेख पुरा करतो. मोबाइलवरच्या असंख्य खेळांत आज पहिल्या काही लढती खेळाडूला मुद्दाम जिंकू दिल्या जातात. मग एके दिवशी वाट अडते, आणि त्या अडथळ्यापाशीच दुकान मांडलेले असते. वाट अडते ती खेळाडूचे कौशल्य वाढावे म्हणून नव्हे, पैसे सुटावेत म्हणून. आणि पैसे मोजून विकत मिळते ते पुढच्या अडथळ्यापर्यंतचे बळ. आईबापांच्या फोनवरून, त्यांच्या नकळत, पैसे उधळणारी मुले आपल्या गावोगावच्या घरांत आहेत. या व्यवहाराचे तात्त्विक समर्थन काय म्हणून विचाराल, तर हेच : मौज सामर्थ्यात आहे, ते कोठून आले याला महत्त्व नाही. हे वाक्य रसिकाने निरागसपणे उच्चारले तरी विक्रेत्याच्या तोंडी ते विनाशुल्क जाहिरात होते. म्हणून ज्यांना खेळांविषयी खरी आस्था आहे, त्यांनी निर्मात्यांकडे तीन गोष्टींचा आग्रह धरला पाहिजे : सामर्थ्य दुकानातून न मिळता खेळातूनच मिळावे, अडथळ्याचे माप प्रत्येकाला आपल्या बळानुसार ठरवता यावे, आणि मिळवलेले सामर्थ्य ज्यावर पडताळून पाहायचे तो प्रतिस्पर्धी शेवटपर्यंत समोर उभा राहावा. खेळाने मला बलाढ्य करावे ही माझीही इच्छा आहे; अट एवढीच की ते बळ माझ्या हातून घडलेले असावे. ही अट ज्यांना जाच वाटते त्यांनी आपण मौजेच्या बाजूने बोलत आहोत असे समजू नये. ते मौज विकणाऱ्याच्या बाजूने बोलत आहेत.